आगबोटीचे तिकीट आणि कॉफीचा पेला

आमच्या नेरडीगोंड्यावरून नागपूर-हैदराबाद हा हमरस्ता जातो. त्याच्या कडेच्या कोणत्याही खाणावळीत राईस प्लेट मागवावी. भात, पोळी, वरण, दोन भाज्या, पापड आणि लोणचे एवढे ठरलेल्या पैशांत पानावर येते. श्रीखंडाची वाटी हवी असेल तर तिचे पैसे निराळे. या व्यवहारात कोणाला काही वावगे वाटत नाही. वाटी पानाशी येण्यापूर्वीच वाढपी तसे सांगतो, आणि ज्याला तो दर पटत नाही तो समोरच्या दुसऱ्या खाणावळीत जाऊन बसतो. आगबोटीवर ही सोय नाही. तेथे चहूकडे पाणी, दुकानदार एकच, आणि उतरण्याचे बंदर दोन-तीन दिवसांच्या अंतरावर. म्हणून आगबोटीच्या तिकिटात काय येते आणि काय येत नाही, हा प्रश्न खाणावळीच्या फळ्यावरच्या दराहून निराळा ठरतो, आणि त्याला जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

अलीकडे हा प्रश्न समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या आपल्या मुलखापर्यंतही येऊन पोहोचला आहे. २०२१ च्या सप्टेंबरात मुंबई बंदरातून कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ ही सहलीची आगबोट सुटू लागली. या बोटीने १९९० साली ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने रॉयल कॅरिबियन कंपनीकडे चाकरीला सुरुवात केली होती. तेव्हापासून क्रूझ हा शब्द आपल्याकडील मध्यमवर्गीय घरांत रुळला. सुटीवर जाऊन आलेली मंडळी समुद्राचे वर्णन करतात, नाचगाण्याचे करतात, आणि मग हळूच विचारतात, “जेवण तिकिटातच धरले होते ना? मग त्या कॉफीचे पैसे का घेतले?”

आजची रूढी अशी आहे. जगातील बहुतेक मोठ्या सहल-बोटींवर मुख्य भोजनगृहातील जेवण, त्यानंतरचा गोड पदार्थ, आणि मोठ्या भांड्यातून ओतून घ्यावयाचा साधा चहा अथवा कॉफी हे तिकिटात असते. यंत्रातून काढलेली एस्प्रेसो, दुधाचा फेस घातलेली कॅपुचिनो, एखाद्या नामांकित दुकानाचे आइस्क्रीम, काचेच्या कपाटातून निवडून घेतलेला केक, यांचे पैसे निराळे पडतात. वरून त्या रकमेवर अठरा ते वीस टक्के सेवाशुल्क अनेक अमेरिकी कंपन्या आपण होऊनच चढवतात. २०१० साली ‘अल्यूर ऑफ द सीज’ या प्रचंड बोटीवर स्टारबक्सचे दुकान उघडले. समुद्रावर चालणारे ते त्या कंपनीचे पहिलेच दुकान. बोटीवरचे जेवण ज्याने तिकिटात आगाऊ भरले आहे असा उतारू त्या दुकानापुढे उभा राहिला, की तो पुन्हा साधा गिऱ्हाईक होतो.

आता थोडे मागे जाऊ. १८३७ साली पेनिन्शुलर नावाची कंपनी स्पेन व पोर्तुगालकडे टपाल नेऊ लागली. १८४० साली तिला राजसनद मिळून ती पेनिन्शुलर अँड ओरिएंटल झाली, आणि आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी ती ‘पी. अँड ओ.’ म्हणून राहिली. १८४२ साली तिची ‘हिंदोस्तान’ ही बोट सुएझ-कलकत्ता मार्गासाठी रवाना झाली. त्या काळी सुएझचा कालवा नव्हता. उतारू अलेक्झांड्रियास उतरत, नाईलमार्गे कैरोस जात, तेथून वाळवंट ओलांडून सुएझला येत, आणि तेथे दुसरी बोट धरत. मुंबई-सुएझ टपालाची बोट बरीच वर्षे कंपनी सरकारच्या आरमाराने चालवली, ती पी. अँड ओ.कडे आली १८५४ साली.

या आरंभीच्या बोटींचे भाडे जबर असे. विलायतेहून हिंदुस्थानपर्यंतच्या एका माणसाच्या प्रवासाला शंभर पौंडांहून अधिक पडत, आणि ही रक्कम भरणारे बहुतेक सरकारी अधिकारी, लष्करी अंमलदार व व्यापारी असत. पण एकदा ही रक्कम भरली की पुढे खिशात हात घालण्याची गरज नव्हती. मांस, पाव, पुडिंग, फळे हे तर होतेच. वाइन, बिअर आणि ब्रँडीसुद्धा तिकिटात येत असे, आणि आठवड्यातील ठरावीक दिवशी शँपेनही. बर्फघरे नव्हती, म्हणून मेंढ्या, कोंबड्या आणि दुधासाठी गाय असा जिवंत कोठारखानाच डेकवर बांधलेला असे. एका अर्थी हा मोठा उदार पाहुणचार. पण त्यातील हिशेब ध्यानात घेतला पाहिजे. जो पीत नसे तो पिणाऱ्याचे पैसे भरत असे. जो मांस खात नसे तो खाणाऱ्याचे.

निव्वळ मौजेसाठी समुद्रपर्यटन ही कल्पनाही याच कंपनीच्या पोटातली. तिचा एक संस्थापक आर्थर अँडरसन याने १८३५ साली आपल्या शेटलंडमधील पत्रात एका काल्पनिक सहलीची जाहिरात छापली होती. आइसलंडपर्यंत जाणारी ती बोट प्रत्यक्षात अस्तित्वातच नव्हती. १८४४ साली मात्र कंपनीने भूमध्य समुद्रातील सहलींची खरोखरीच तजवीज केली आणि थॅकरे या कादंबरीकाराला फुकट तिकीट देऊन पाठवले. त्याने पुढे त्यावर पुस्तक लिहिले. वर्तमानपत्रवाल्यांना फुकट मुक्काम देऊन वर्णन लिहवून घेण्याची आजची चाल नवी नाही, एवढेच यावरून समजावे.

१७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझचा कालवा खुला झाला आणि चित्र पालटले. वाळवंटाचा टप्पा गेला, प्रतिस्पर्ध्यांच्या बोटी सरळ मुंबईस येऊ लागल्या, भाडी उतरली. भाडे कमी करावयाचे तर कोठेतरी काटकसर हवी. पुढच्या काही वर्षांत फुकट मद्याची चाल बंद झाली आणि प्याल्यागणिक चिठ्ठीवर सही करण्याची पद्धत आली. मद्यपी उतारू कुरकुरले असतील. परंतु मला स्वतःला हा फरक न्यायाचाच वाटतो. ज्याने प्यावे त्याने द्यावे. येथे एक गोष्ट मनात धरून ठेवावी. तिकिटाची हद्द पदार्थाच्या किमतीने ठरली नाही. प्रतिस्पर्धी किती आहेत आणि कोणत्या उतारूला खूष ठेवावयाचे आहे, यांवर ती ठरली.

त्या मेजावर आपली माणसे बसली तेव्हा काय झाले, हे पाहण्यासारखे आहे.

४ सप्टेंबर १८८८ रोजी ‘क्लाइड’ या बोटीने अठरा वर्षांचे मोहनदास गांधी मुंबईहून विलायतेस निघाले. सोबत जुनागडचे वकील त्र्यंबकराय मजमुदार होते. भोजनाचे पैसे भाड्यातच गेलेले. पण काटा-सुरी धरता येत नाही, इंग्रजी बोलण्याची भीड, आणि कोणत्या पदार्थात मांस आहे हे खानसाम्यास विचारण्याचा धीर नाही. परिणाम असा, की हा तरुण मेजावर जेवावयास गेलाच नाही. तो आपल्या केबिनमध्येच बसून जेवत असे, आणि त्या जेवणात मुख्यतः घरून बांधून दिलेली मिठाई आणि फळे असत, असे त्यांनी आत्मकथेत लिहिले आहे. बोटीवरचा गोडधोड पदार्थ तिकिटात असताना घरच्या मिठाईवर दिवस काढणारा हा उतारू आजच्या क्रूझवरील तक्रारदाराहून नेमका उलटा. याने पैसे भरले आणि काहीच घेतले नाही.

कोणी म्हणेल, मांस टाळावे आणि पुडिंग खावे. पण इंग्रजी पुडिंग हे आपल्या खिरीसारखे निरुपद्रवी नव्हे. त्यात अंडी, आणि पुष्कळदा गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी घालण्याची रीत होती. थरथरणारी पारदर्शक जेली जनावरांच्या हाडा-कातड्यांच्या जिलेटिनावर गोठवलेली असे. म्हणजे तिकिटातला गोड पदार्थही शाकाहाऱ्याला बंदच. १८८३ साली पंडिता रमाबाई मुंबईहून इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षी वॉन्टेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, परंतु शाकाहार सोडला नाही. तेथील मठातील सिस्टर जेराल्डीन यांना हा जातीच्या अभिमानाचा अवशेष वाटे आणि दोघींच्या पत्रव्यवहारात त्यावरून खटके उडाले. मी जन्माने कॅथलिक. घरात मासळी शिजते. तरीही या वादात मला रमाबाईंचाच पक्ष बळकट वाटतो. प्रभूने ताटात काय असावे हे सांगितलेले नाही, आणि ताट इंग्रजी झाल्याने श्रद्धा खरी होत नाही.

त्याच १८८३ च्या ७ एप्रिलला आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून ‘सिटी ऑफ कलकत्ता’ या बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या कॉलेजात दिलेल्या भाषणात आपण आहार व वेष बदलणार नाही, असे त्यांनी जाहीर केले होते. अठरा वर्षांच्या मुलीने जवळजवळ दोन महिने परक्यांच्या स्वयंपाकावर हा शब्द पाळावयाचा, म्हणजे काय, हे ज्याने एक दिवस उपास केला आहे त्यालाच कळेल.

गांधीजींची कथा मात्र येथे संपत नाही. १२ जून १८९१ रोजी बॅरिस्टर होऊन ते परत निघाले ते पी. अँड ओ.च्या ‘ओशियाना’ बोटीने; एडनला बोट बदलून ‘आसाम’ने मुंबईस आले. या प्रवासाचे वर्णन त्यांनी लंडनच्या ‘व्हेजिटेरियन’ पत्रात १८९२ साली लिहिले. आरमारी शिस्तीने दिवसभर चाललेले खाणे, सकाळच्या चहा-कॉफीपासून रात्रीपर्यंतचे, त्यांनी थोड्या मिश्किलपणे टिपले आहे. बोटीवर शाकाहारी दोघेच. उकडलेले बटाटे, कोबी आणि लोणी यांवर निभावण्याची त्यांची तयारी होती. पण तशी वेळ आली नाही. खानसाम्याने त्यांना भाजीची करी, भात, तपकिरी पाव, आणि पहिल्या वर्गाच्या सलूनमधून ताजी व शिजवलेली फळे आणून दिली.

तीन वर्षांत बोटीचे तिकीट बदलले नव्हते. उतारू बदलला होता. त्याला आता विचारता येत होते. आणि विचारल्यावर वरच्या वर्गाचे फळ खालच्या वर्गाच्या मेजावर आले, ही गोष्ट कोणत्याही छापील नियमात नव्हती. ती एका वाढणाऱ्याच्या मर्जीने घडली. तिकिटाची हद्द कागदावर कंपनी आखते, परंतु मेजावर ती वाढणारा आखतो. ही बाब पुढे पुन्हा लागणार आहे.

ज्यांच्याजवळ द्रव्य होते त्यांनी हद्दच विकत घेतली. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी जयपूरचे महाराज सवाई माधोसिंह मुंबईहून निघाले. त्यांनी अँकर लाइनची ‘ऑलिंपिया’ ही नवी कोरी बोट सबंध भाड्याने घेतली. तिच्यावर गंगाजलाने भरलेले चांदीचे प्रचंड कलश चढवले. तसले दोन कलश आजही जयपूरच्या राजवाड्यात पाहावयास मिळतात. पाणी आपले, स्वयंपाक आपला, आचारी आपले. कोणत्या पदार्थाचे पैसे वेगळे हा प्रश्नच उरला नाही.

आता सलूनमधून खाली डेकवर उतरू. तेथे मराठी माणूस अधिक होता. कोकणच्या किनाऱ्यावर मुंबईहून रत्नागिरी, मालवण, गोव्यापर्यंत जाणाऱ्या बोटींवरचा डेकचा उतारू आपली चटई पसरी आणि आपली शिदोरी सोडी. भाडे म्हणजे पाठ टेकण्यापुरती जागा. अन्न ही ज्याची त्याची बाब. या उतारूला ‘तिकिटात काय येते’ असे विचारले असते तर तो हसला असता. आणि १८३४ नंतर मॉरिशसच्या मळ्यांवर गिरमिटिया म्हणून जे लोक गेले त्यांचा प्रकार तिसराच. त्यांचे भाडे मळेवाल्याच्या हिशेबात जाई. तांदूळ, डाळ, तूप, मीठ, हळद किती द्यावयाचे हे कायद्याने बांधून दिलेले. तिकिटात सर्व काही होते; मोबदला म्हणून पुढची वर्षे कराराने बांधलेली. मुंबई बंदरातूनही पुष्कळ माणसे गेली, आणि मॉरिशसमधील मराठी समाज हा त्यांचाच वंशविस्तार.

त्या मळ्यांत ऊस पिके. तेथली शुभ्र साखर जहाजांत भरून मुंबईस येई, आणि म्हणून आपल्या जुन्या मराठीत व गुजरातीत तिला ‘मोरस साखर’ म्हणत. मोरस म्हणजे मॉरिशस. आमच्या वर्गात मी हा शब्द फळ्यावर लिहितो तेव्हा मुलांना तो एखाद्या फुलाचा वाटतो. डेकखाली गेलेल्या माणसाच्या घामाने झालेली साखर सलूनच्या पुडिंगात पडे, आणि त्या पुडिंगाचे पैसे तिकिटात धरलेले असत.

गोड पदार्थाचा इतिहास सगळाच असा कडू आहे असे मात्र समजू नये. एक प्रसंग भारी विनोदी आहे. १८८४ च्या सुमारास रवींद्रनाथ ठाकुरांचे वडीलबंधू ज्योतिरिंद्रनाथ यांनी स्वदेशी आगबोटी काढल्या. पहिलीचे नाव ‘सरोजिनी’. बंगालातील खुलना ते बारिसाल या जलमार्गावर त्यांची गाठ फ्लोटिला नावाच्या इंग्रज कंपनीशी पडली. भाडी उतरू लागली. शेवटी ज्योतिरिंद्रनाथांच्या बोटींवर उतारू फुकट जाऊ लागले, आणि एवढ्यावर न थांबता त्यांना मिठाईही फुकट मिळू लागली, असे रवींद्रनाथांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. देशभक्तीने भारलेले तरुण उतारूंना ओढून आणत. उतारू वाढले, मिठाई वाढली, आणि कर्जही वाढले. गणिताला देशभक्ती कळत नाही. धंदा बुडाला.

१९०६ साली तुतिकोरीनला चिदंबरम पिळ्ळे यांनी स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढून कोलंबोला बोटी सोडल्या, तेव्हाही हाच खेळ झाला. ब्रिटिश इंडिया कंपनीने भाडे रुपयावर आणले, स्वदेशीने आणखी खाली. मग ब्रिटिश इंडियाने फुकट नेण्याची तयारी दाखवली आणि वर एकेक छत्रीही देऊ केली, असे सांगतात. त्या छत्रीचे पैसे कोणी भरले? पिळ्ळे १९०८ साली तुरुंगात गेले, स्वदेशी कंपनी मोडली, आणि मार्गावर पुन्हा एकच कंपनी राहिली. भेट म्हणून मिळालेली मिठाई किंवा छत्री ही पुढच्या भाड्याची उचल असते. १९१९ च्या ५ एप्रिलला सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली, तेव्हा वालचंद हिराचंदांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हा धडा पाठ होता. तरीही लॉर्ड इंचकेप यांच्या गटाशी दरयुद्ध त्यांना चुकले नाही.

तिकिटात भोजन असतानाही अधिक पैसे देऊन अधिक चांगले खावे, ही तऱ्हा नेमकी कोठून आली? ती अटलांटिकवरून आली. १९०५ साली हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीच्या ‘अमेरिका’ बोटीवर रिट्झच्या नावाचे उपाहारगृह निघाले. तेथे पत्रिकेवरून पदार्थ निवडावयाचा आणि त्याचे पैसे निराळे द्यावयाचे. ही कल्पना श्रीमंत उतारूंना इतकी रुचली की इतर कंपन्यांनी ती उचलली. १९१२ च्या ‘टायटॅनिक’वरही तसले उपाहारगृह होते. ज्याला सगळे जेवण तेथेच घ्यावयाचे असेल त्याला मूळ भाड्यात काही पौंडांची सूट मिळे. हा प्रामाणिकपणा आजच्या कंपन्यांत सहसा दिसत नाही.

ते उपाहारगृह लुइजी गात्ती या इटालियन गृहस्थाने ठेक्याने चालवले होते. त्याचे आचारी आणि वाढपी जहाज कंपनीचे नोकर नव्हते, ते गात्तीचे. जवळजवळ सत्तर माणसे. १५ एप्रिलच्या पहाटे जहाज बुडाले तेव्हा त्यांतली तीनच वाचली: हिशेब ठेवणाऱ्या दोन स्त्रिया आणि स्वयंपाकघराचा एक कारकून. गात्ती स्वतः गेला. उतारूंच्या यादीत ते नव्हते आणि कंपनीच्या खलाशांतही त्यांची खरी गणना नव्हती.

आजचा हिशेब थोडक्यात सांगतो. सहलीच्या बोटींची स्पर्धा जाहिरातीतील तिकिटाच्या आकड्यावर चालते. गिऱ्हाईक चार कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून पाहतो, पण कॉफीचे आणि केकचे दर शेजारी ठेवून पाहत नाही. ते त्याला बोटीवर चढल्यावर कळतात. म्हणून तिकीट शक्य तितके खाली ठेवावयाचे आणि उरलेले बोटीवर काढावयाचे, हे ओघानेच आले. कार्निव्हल ही या धंद्यातील सर्वांत मोठी कंपनी. २०२३ साली तिचे उत्पन्न सुमारे २१.६ अब्ज डॉलर होते. त्यांतले तिकिटांचे सुमारे १४.१ अब्ज, आणि बोटीवरील विक्री व तत्सम बाबींचे सुमारे ७.५ अब्ज. म्हणजे तिसरा हिस्सा, किंबहुना थोडा अधिकच, तिकिटाबाहेरचा आहे. एका पेल्यातील कॉफीच्या बियांना फारशी किंमत पडत नाही. पैसे पडतात ते यंत्राचे, नावाचे, आणि त्या यंत्राशी उभ्या असलेल्या माणसाचे. निदान पडावयास हवेत.

यात एक फरक मात्र आनंदाचा आहे. १८८८ साली जो शाकाहारी उतारू केबिनमध्ये लपून जेवत होता, त्याच्यासाठी मुंबईहून सुटणाऱ्या आजच्या बोटीवर कांदा-लसूण वर्ज्य असलेले जैन जेवणसुद्धा मिळते. हे कोणत्याही धर्मबुद्धीने घडलेले नाही. त्या बोटीचा उतारूच आता गुजराती, मारवाडी, मराठी आहे. उतारू पालटला आणि तिकिटाची हद्द पालटली. एके काळी वाइन आत आणि भाजी बाहेर होती. आता भाजी आत आहे, आणि वाइनबरोबर फेसाळ कॉफी बाहेर आहे. माझ्या मते ही अदलाबदल वाईट नाही. ज्याविना भूक भागत नाही ते आत असावे आणि चैन बाहेर, हे तत्त्व खाणावळीच्या वाढप्यालाही पटेल. आक्षेप आहे तो चैनीच्या दरावर नाही, तो दर बोट बंदर सोडून गेल्यावर सांगण्यावर आहे.

आतापर्यंत खाणाऱ्यांविषयी बोललो. वाढणाऱ्यांविषयी बोलल्यावाचून हा विषय पुरा होत नाही, आणि ती माणसे आमच्या समाजाची असल्याने मला ते टाळताही येत नाही. पी. अँड ओ.च्या आणि ब्रिटिश इंडियाच्या बोटींवर डेकवरचे खलाशी पुष्कळदा रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान किंवा गुजरातचे असत, आणि सलूनमधील वाढपी व मुदपाकखान्यातील माणसे बहुधा गोव्याची, कॅथलिक. गोमांस असो की डुकराचे मांस, हाताळण्यास त्यांची ना नसे. हे त्यांना निवडण्याचे एक मुख्य कारण. १९६१ पर्यंत ते पोर्तुगालचे प्रजाजन होते, आणि इंग्रजांच्या बोटीवर इंग्रज साहेबांना सूप वाढत. त्यांचा पगार युरोपीय खलाशाच्या पगाराच्या एका अंशाइतकाच असे. अशिया खंडातील खलाशांसाठी करारनामेच निराळे होते.

दोन सफरींच्या मधल्या काळात ही माणसे मुंबईत धोबीतलावच्या परिसरातील कुडांत राहत. कूड म्हणजे एकेका गावाने आपल्या माणसांसाठी घेतलेली सामायिक जागा. प्रत्येकाची एक पेटी, झोपण्यापुरती जागा, आणि भिंतीशी गावच्या पालक संताची वेदी. संध्याकाळी सर्वांनी मिळून जपमाळेची प्रार्थना करावयाची हा कुडाचा नियम. जेर महाल नावाच्या इमारतीत असले कितीतरी कूड होते आणि काही अजूनही आहेत. लेंटच्या शुक्रवारी स्वतः मांस वर्ज्य करून दुसऱ्यांच्या मेजावर भाजलेले गोमांस कापणाऱ्या त्या माणसांच्या पेटीत गावाकडे पाठवावयाचे पैसे साठत. ते निव्वळ पगाराने साठत नसत. सफर संपताना साहेब लोक जे हातावर ठेवीत, त्याची त्यात मोठी भर असे.

ती पद्धत अजून मोडलेली नाही. फक्त तिला छापील रूप आले आहे. गोव्याचे तरुण आजही मोठ्या संख्येने सहलीच्या बोटींवर नोकरीस जातात. अमेरिकी बोटींवर प्रत्येक उतारूच्या खात्यावर दिवसाला सोळा ते वीस डॉलरांच्या आसपास बक्षिसी आपोआप चढते, आणि कॉफीच्या पेल्यावरचे सेवाशुल्क त्याहून निराळे असते. उतारू चिडला की कचेरीत जाऊन ही बक्षिसी कमी करून मागतो, कारण कंपनीने लावलेला कॉफीचा दर त्याला कमी करता येत नाही. १८९१ साली ज्याच्या मर्जीने वरच्या वर्गाचे फळ खालच्या मेजावर आले, त्याच जागी उभा असलेला माणूस आज पेला पुढे करतो आणि त्याबरोबर सहीसाठी चिठ्ठी देतो. चिठ्ठीवर पेल्याची किंमत छापलेली असते, तिच्याखाली अठरा टक्के छापलेले असतात, आणि त्याखाली अधिक काही द्यावयाचे असल्यास म्हणून एक ओळ कोरी सोडलेली असते.